टोल 'बाहेरचे' भरणार नाहीत

महामार्ग रुंदीकरणाचा विषय निघाला की गोव्यात एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, आशय तोच: "रस्ते फुकटात होत नाहीत. टोल ट्रकवाले आणि पर्यटक भरतील, गावच्या माणसाला पास मिळेल, दुचाकीला तर काहीच नाही. चार घरं जातात म्हणून सगळा गोवा अडवू नका. कोकण रेल्वेलाही असाच विरोध केला होता, आता त्याच गाडीने मुंबईला जाता." चांगली शिकलेली माणसंही हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. उदाहरणाला पणजी–फोंडा रस्ता घेतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग चार-ए, आताचा ७४८. २०१० च्या सुमारास हाच महामार्ग कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत टोलच्या तत्त्वावर चौपदरी करायचं घाटत होतं. जमीनच ताब्यात आली नाही आणि बेत बारगळला.

"गावच्या माणसाला पास मिळेल." राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल २००८ च्या शुल्क नियमांनी ठरतो. पास आहे, पण फुकट नाही. २००७-०८ च्या पायाभूत दराने महिन्याला १५० रुपये आणि त्यावर दरवर्षी वाढ. तोही खासगी गाडीला, नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यालाच. भाजीचा टेम्पो, टॅक्सी यांना हा पास नाही. जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला फार तर निम्मी सवलत. पण खरी मेख पुढच्या अटीत आहे: सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पास द्यायचाच नाही. आता आठवा, गावकरी विरोध करू लागले की त्यांची समजूत कशी घालतात? "तुमच्यासाठी सर्व्हिस रोड ठेवतो ना!" म्हणजे सर्व्हिस रोड दिला की पास गेला. दोन्ही गोष्टींचं आश्वासन एकाच सभेत देणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत, किंवा आपण ते वाचणार नाही अशी त्याची खात्री आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांचा वार्षिक पासही सुरू झाला, २०० फेऱ्यांचा. फोंड्याहून पणजीला रोज नोकरीला जाणाऱ्याच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतात.

"दुचाकीला काहीच नाही." इथेही तोच सर्व्हिस रोड आडवा येतो. त्याच नियमांत लिहिलंय की सर्व्हिस रोड असताना दुचाकीस्वार मुख्य रस्त्यावर आला तर त्याच्याकडून मोटारीच्या निम्मा टोल घ्यावा. तिचाकी आणि ट्रॅक्टर यांना तर अशा ठिकाणी मुख्य रस्त्यावर यायलाच मनाई. याच रस्त्यावरच्या कुंडईच्या कारखान्यात शिफ्टला स्कूटरने जाणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलंय का?

"ट्रकवाले आणि पर्यटक भरतील." नाका कुठे येईल ते पाहू. नियम म्हणतो, शहराच्या हद्दीपासून सर्वसाधारणपणे १० किलोमीटर दूर. पणजी ते फोंडा अंतरच साधारण तीस किलोमीटर. दोन्ही टोकांचे दहा-दहा वगळले तर उरतात खोर्ली, बाणस्तारी, भोम, कुंडई. कर्नाटकाच्या हद्दीकडे, मोलेच्या बाजूला नाका ठेवता येईल, हे खरं. पण टोलचा हिशेब वर्दळीवर चालतो, आणि वर्दळ पणजी–फोंडा पट्ट्यात आहे. ती कुणाची? ऑफिसला जाणाऱ्यांची, बांबोळीच्या इस्पितळात पेशंट नेणाऱ्यांची, चतुर्थीआधी बाणस्तारीच्या बाजारात गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्यायला येणाऱ्यांची. दोन शहरांमध्ये शंभर-दीडशे किलोमीटर मोकळं रान असलेल्या मुलखात टोलरस्ता वेगळा आणि गावरस्ता वेगळा ठेवता येतो. आमच्याकडे महामार्ग हाच गावाचा रस्ता आहे. देवळात, दुकानात, सासरी, शेतात, सगळीकडे त्याच्यावरूनच जायचं.

"रस्ते फुकटात होत नाहीत." बरोबर, आणि आम्ही पैसे देतोच. गाडी नोंदवताना रस्ता कर, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्ते व पायाभूत सुविधा उपकर. २०१९ मध्ये खुला झालेला मांडवीवरचा अटल सेतू टोलशिवाय उभा राहिला. त्याच वर्षीचा काणकोण बायपासही.

हा बायपास "चार घरांच्या" दाव्यालाही उत्तर आहे. याच रस्त्यावरच्या भोम गावाचा रुंदीकरणाला विरोध आहे, पण भोमचे लोक रस्ता नको म्हणत नाहीत, ते गावाबाहेरून बायपास मागतात. काणकोणला जमलं ते भोमला का अशक्य, याचं आकड्यांसह उत्तर त्यांच्यापुढे ठेवायला नको का? पाडायच्या घरांची संख्या सांगून विषय मिटत नाही. जी घरं उरतात त्यांचंही देऊळ रस्त्यापलीकडे पडतं, म्हाताऱ्या माणसाला शेजारी जायला अर्धा किलोमीटरचा वळसा पडतो. या माणसांचं नाव कुठल्याच भूसंपादनाच्या नोटिशीत नसतं, म्हणून त्यांना छदामही मिळत नाही. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. मोजली जातात ती फक्त भिंती पडणारी घरं.

राहिली कोकण रेल्वे. नव्वदच्या दशकात गोव्यात जे आंदोलन झालं ते प्रामुख्याने मार्गाविरुद्ध होतं. रेल्वे खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींतून आणि दाट वस्तीतून न नेता आतल्या बाजूने न्या, अशी मागणी होती. सरकारला त्यासाठी आयोगही नेमावा लागला. आज आम्ही त्या गाडीने जातो, यावरून तेव्हाचा मार्ग योग्य होता असं सिद्ध होत नाही. भोमचे लोकही नवा रस्ता झाला की त्यावरून जातीलच, दुसरा असणार कुठे? म्हणून कुठल्याही रुंदीकरणाची निविदा निघण्याआधी तीन गोष्टी ग्रामसभेपुढे लेखी आल्या पाहिजेत: नाक्याची नेमकी जागा, सर्व्हिस रोड असेल की नाही, आणि तो असला तर पासचं काय. तोंडी आश्वासनावर कुठल्याही पंचाने ना-हरकत देऊ नये.