मामा, विक्रम खरंच उतरला

माझी भाची ईश्वरी आठवीत आहे, कन्नमवार नगरला राहते. पाचवीत असताना चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण तिने वहीत चिकटवलं होतं. परवा मी गेले तर ती त्याच कात्रणाचा कोपरा नखाने सोलत बसलेली. म्हणाली, "मावशी, हे सगळं खोटं होतं ना? आजोबांनी ग्रुपवर पाठवलंय."

आजोबा म्हणजे माझे थोरले मामा. गिरगावात राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्या घरात त्यांचा शब्द मोठा. म्हणून हे लिहायला बसले. मेसेज तुमच्याकडेही आला असेल: अमेरिकेने १९६९ साली चंद्रावर माणूस नेलाच नाही, सगळं स्टुडिओत झालं, आणि इस्रोनेही २३ ऑगस्ट २०२३ ला आपल्याला कार्टून दाखवून टाळ्या घेतल्या.

इस्रोपासूनच सुरू करते, कारण राग त्याचाच जास्त आलाय.

त्या संध्याकाळी टीव्हीवर जे यान उतरताना दिसलं ते संगणकावर काढलेलं चित्र होतं. हो, हे खरं आहे. यानाचं बाहेरून शूटिंग करायला तिथे कोण होतं? पण विक्रमच्या, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या त्या यानाच्या, स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेला व्हिडिओ इस्रोने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर ठेवला, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. चंद्राच्या मातीत उमटलेल्या सिंहमुद्रेचा तो ठळक फोटो मात्र बनावट होता. तो इस्रोने दिलेला नव्हता, उत्साहाच्या भरात आपणच फिरवला. मीही फिरवला होता. ती चूक आपली.

आता पुरावा. विक्रम उतरल्यावर चार दिवसांनी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने वरून त्याचा फोटो काढला. मग १२ डिसेंबर २०२३ ला त्याच यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमवर लेझर किरण सोडला. विक्रमवर जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा परावर्तक, म्हणजे किरण आल्या वाटेने परत पाठवणारा आरसा, बसवलेला आहे. त्यावर आपटून किरण परत आला. तिथे काही नसतं तर तो परत आला नसता. आणि २०१९ आठवा. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ चा लँडर कोसळला. पंतप्रधान समोर बसलेले, देश जागा, आणि शास्त्रज्ञांचे उतरलेले चेहरे आपण सगळ्यांनी पाहिले. नाटकच करायचं होतं तर ते त्या रात्रीच केलं असतं, चार वर्षं कशाला थांबले असते?

या मेसेजमधली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या रॉकेटने चांद्रयान वर नेलं, त्याची 'विकास' नावाची इंजिनं गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनली. ईश्वरीच्या घरून रिक्षाने जाता येईल एवढ्यावर. त्याच रॉकेटच्या मोठ्या बूस्टरचे भाग वालचंदनगरला तयार झाले. तिथे मशीनवर उभं राहणारी माणसं मराठी बोलतात, आपल्यासारखीच लोकलने, एसटीने घरी जातात. "सगळं कार्टून होतं" असं आपण सहज पुढे ढकलतो तेव्हा त्या फिटरला, त्या वेल्डरला खोटं पाडतो. तेही त्यांच्याच गल्लीतल्या मुलीसमोर.

अपोलोचे, म्हणजे अमेरिकेच्या त्या चंद्रमोहिमांचे, मुद्दे जुनेच आहेत, भराभर उरकते. चंद्रावरच्या फोटोत झेंडा फडकलेला दिसतो, कारण तो ताठ राहावा म्हणून वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. तारे दिसत नाहीत, कारण तिथे लख्ख ऊन होतं आणि कॅमेरा त्या उजेडाला लावलेला होता. रात्री मरीन ड्राइव्हवर दिव्यांचा फोटो काढा, त्यात तरी किती तारे येतात बघा. १९७२ नंतर माणूस तिथे उतरला नाही, कारण पैसा आणि ईर्ष्या दोन्ही संपलं. मुंबईची ट्रामही १९६४ साली बंद झाली, म्हणून ती धावलीच नव्हती असं मामा तरी म्हणतील का? अपोलो ११ च्या मूळ टेप पुसल्या गेल्या, हे तेवढं खरं. नासाने ते कबूल केलंय. पण टीव्हीवर दाखवलेल्या प्रक्षेपणाच्या प्रती शाबूत आहेत, आणि दगड कोणी पुसलेले नाहीत.

दगडांचं मात्र नीट ऐका. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली, आणि त्यातले काही नमुने आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथले शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांच्या गटाने ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे अवकाशातून येणारे लोखंडासारखे जड अणुकेंद्रक थेट दगडात घुसतात आणि स्फटिकात बारीक रेषा सोडून जातात. रसायनाने त्या रेषा उघड्या करून मोजता येतात. लाखो वर्षांचा मारा त्यात साठलेला असतो. पृथ्वीवरच्या दगडांवर हवेचं पांघरूण असतं, त्यांत असा साठा होत नाही आणि कुठल्या स्टुडिओत तो करताही येत नाही. हे काम १९७०-७१ च्या सुमारास मुंबईत झालं, छापून आलं. ते करणाऱ्यांत व्ही. एस. व्यंकटवरदन होते, पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे पहिले संचालक झाले ते.

मामा, शाळेत असताना तुम्हीच मला ते तारांगण दाखवायला नेलं होतंत. तिकिटं काढायला तुम्ही उन्हात उभे होतात आणि बाहेर आल्यावर घरी पोचेपर्यंत शनीच्या कड्यांबद्दल बोलत होतात.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकतेय. पण ईश्वरीला तुम्ही स्वतः फोन करा, माझ्यापेक्षा ती तुमचं ऐकते. कात्रण अजून वहीतच आहे, एक कोपरा तेवढा सुटलाय.