जपानी रेघा आणि नऊ आठे बहात्तर

शाळा सुरू झाल्या की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ हमखास येतो. कागदावर आडव्या-उभ्या रेघा, त्या जिथे छेदतात तिथे टिंबं, टिंबं मोजली की झाला गुणाकार. खाली मजकूर: जपानमध्ये मुलांना पाढे पाठ करावे लागत नाहीत, कुठलाही गुणाकार रेघांनी चुटकीसरशी होतो, ही विद्या मुळात आपल्या वेदांतली आहे, आणि आपण मात्र घोकंपट्टीने मुलांची विचारशक्ती मारतोय. यंदा धाकट्या वहिनींनी तो पाठवून खाली लिहिलं, ‘भावजी, आता तरी चिनूचे पाढे थांबवा.’ म्हणून हा खटाटोप.

जपानपासून सुरू करू, कारण तिथेच सगळा डोलारा कोसळतो. जपानी मुलं पाढे पाठ करतात, तेही दुसरीत, आणि तालात. त्याला ‘कुकु’ म्हणतात. कु म्हणजे नऊ. पूर्वी पाठांतर नऊ नव्वे एक्याऐंशीपासून उलटं सुरू व्हायचं, म्हणून हे नाव. ‘नि निन् गा शि’ म्हणजे बे दुणे चार, ‘नि सान् गा रोकु’ म्हणजे बे त्रिक सहा. आपण पाढ्यात तीनचं त्रिक आणि चारचं चोक करतो ना, तसंच त्यांचं. आठला एरवी ‘हाचि’ म्हणतात, पण तीन आठे चोवीस म्हणताना त्याचा नुसता ‘पा’ उरतो : ‘सान् पा निज्यूशि’. जिभेवर बसावं म्हणून शब्द घासून गुळगुळीत केलेत. ही चाल आजकालची नाही. कुकु लिहिलेल्या आठव्या शतकातल्या लाकडी पट्ट्या तिथे उत्खननात सापडल्या आहेत. रेघांची पद्धत मात्र तिथल्या शाळेत गुणाकाराची नेहमीची रीत म्हणून शिकवतच नाहीत.

आता चुटकीसरशी. व्हिडिओत गुणाकार असतो २१ गुणिले १३. त्याला सात रेघा आणि बारा टिंबं पुरतात. गोम तिथेच आहे. मी चिनूला ९८ गुणिले ८७ दिलं. रेघा लागतात ३२, टिंबं होतात २५५. एका कोपऱ्यात ७२, मधल्या दोन कोपऱ्यांत मिळून १२७, उरलेल्यात ५६. मग हातचे धरायचे, तेव्हा कुठे ८५२६ येतात. पोरीने पहिल्या कोपऱ्यातली वीसेक टिंबं मोजली आणि पेन्सिल ठेवली. म्हणाली, ‘काका, नऊ रेघा आणि आठ रेघा म्हणजे नऊ आठे बहात्तरच की!’ टिंबं मोजायची नसतील तर पाढा यावा लागतो, आणि पाढा येत असेल तर रेघा कशाला? एकक-दशकांचे गुणाकार वेगवेगळे का होतात, हे डोळ्यांना दाखवायला ते चित्र छान आहे. तेवढ्यापुरतं जरूर काढावं.

वेदांचं थोडक्यात. या रेघांमागचं तत्त्व शंकराचार्य भारती कृष्णतीर्थांच्या १९६५ साली छापलेल्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकातल्या ‘ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्’ (म्हणजे उभं आणि तिरपं) सूत्राशी जुळतं, हे खरं. पण ती सूत्रं उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत. आणि एकाच मजकुरात ही विद्या जपान्यांची आणि आपलीही, हे कसं काय बुवा?

राहिली घोकंपट्टी. इथे मात्र पाठवणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. सात आठे किती विचारलं की ‘सात एके सात’पासून गाडी सोडणारी मुलं मी खूप पाहिली आहेत; त्यांना गाणं येतं, पाढा येत नाही. पण यावर उपाय पाढे सोडणं हा नाही. जपानी शिक्षक आधी वस्तूंचे सारखे गट करून घेतात, म्हणजे गुणाकार म्हणजे काय ते कळतं. पाठांतर त्यानंतर. सुरुवात एकच्या पाढ्याने नाही, पाच आणि दोनच्या पाढ्याने, कारण ते सोपे. एकचा पाढा चक्क शेवटी. मग तेच चढत्या क्रमाने, उतरत्या क्रमाने, आणि शेवटी पत्ते पिसून कुठूनही. आपल्याकडचे गुरुजी उलटे पाढे म्हणून घेत ते उगाच नव्हे.

शिवाय ओझं वाटतं तेवढं नाही. एक आणि दहाचे पाढे शिकवावेच लागत नाहीत. दोन ते नऊचे गुणाकार ६४, पण सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून उरतात ३६. त्यातून दोनचे आणि पाचचे काढा; २१ राहतात. नऊच्या पाढ्यात उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, हे एकदा मुलाला स्वतःला सापडलं की तोही निम्मा सुटतो.

आमच्याकडे सध्या फ्रीजवर तीनच चिठ्ठ्या आहेत : सहा साते बेचाळीस, सहा आठे अठ्ठेचाळीस, सात आठे छप्पन. वहिनी, या आठवड्यात एक उतरेल असं दिसतंय.