कानाखालची गाठ, केमो आणि गोळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

लाळग्रंथींच्या कर्करोगावरील माझ्या लेखात केमोथेरपीला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, आणि आता गोळ्या निघालेल्या असताना आपल्या काकांनी चेहरा वाकडा होण्याचा धोका का पत्करावा, असा आपला आक्षेप आहे.

त्या दोन ओळी मी विचारपूर्वकच लिहिल्या होत्या. गाठ काढता येण्याजोगी असेल, तर या कर्करोगात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो. गाठ उच्च श्रेणीची, म्हणजे अधिक आक्रमक पेशींची निघाली, कापलेल्या कडेशी रोग सापडला, किंवा तो मज्जातंतूभोवती वा मानेतल्या लसीका गाठींत पोहोचलेला दिसला, तर त्यानंतर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते देतात. केमो बहुधा रोग दूरवर पसरल्यावर, तो आटोक्यात ठेवण्यासाठी वापरतात.

चेहऱ्याबद्दलची आपली भीती मात्र रास्त आहे. चेहऱ्याची नस कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतूनच जाते आणि तिथेच तिला फांद्या फुटतात. ती आधीपासून नीट काम करत असेल, तर सर्जन ती सोडवून घेण्याची शिकस्त करतात. रोगाने तिला वेढलेच असेल, तर ती कापून शक्यतो त्याच वेळी मानेतल्या किंवा पोटरीतल्या नसेचा तुकडा जोडतात. ‘नस वाचतेच’ हे माझे विधान चुकीचे होते, ते दुरुस्त केले आहे. याच शस्त्रक्रियेत माझ्या आईची नस शाबूत राहिली, तरी कित्येक आठवडे तिचा डोळा पुरता मिटत नसे. रात्री मलम घालून आम्ही पापणीवर चिकटपट्टी लावत असू. कुडी घालताना पाळी बधिर लागते, ही तिची कुरकुर अजून आहे.

गोळ्यांविषयी मी त्रोटक लिहिले, हे मान्य. सिक्रीटरी कार्सिनोमा या प्रकारात बहुधा एनटीआरके या जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली विशिष्ट जोडणी सापडते आणि तिच्यावरच्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, पण ती पसरलेल्या किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रोगासाठी. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा या प्रकारात कर्कपेशींत हर-२ किंवा अँड्रोजन रिसेप्टर ही प्रथिने सापडल्यास त्यांवरची औषधे उपयोगी पडू शकतात. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक प्रकारात अशी हुकमी गोळी नाही. तो संथ वाढतो आणि दहा वर्षांनंतरही फुप्फुसात डोके वर काढू शकतो, म्हणून पाच वर्षे उलटली तरी तपासण्या सोडता येत नाहीत.

काकांचा प्रकार आपण कळवलेला नाही. तो आणि श्रेणी पॅथॉलॉजी रिपोर्टात लिहिलेली असते. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे गोळीचा विषय काढावा, आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, रुग्णालयातून मागून घ्यावेत. जनुकाची तपासणी बहुतेक वेळा त्यांच्यावरच होते.