आपले बिल प्रोसेसमध्ये आहे

अंधेरीतील एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात परवा मी माझ्याच कामाचे पैसे मागायला गेले होते. पैसे मिळाले नाहीत. माझ्याकडे ईमेलवर येणारे एक न्यूजलेटर मात्र त्या विभागाने ठेवून घेतले. अनुवाद आणि जाहिरातीचे लेखन हा माझा व्यवसाय आहे, काम मार्चमध्ये झाले आहे आणि सध्या पावसाळा चालू आहे, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाला आजकाल पैशांची टंचाई असली तरी सल्ल्याची नसते. शनिवारी अमेरिकेत सकाळ झाली की तेथील स्वतंत्र व्यावसायिकांची न्यूजलेटरे निघतात आणि ती आपल्याकडे बरोबर संध्याकाळी येऊन पोहोचतात, म्हणजे ज्या वेळी एखादा ग्राहक ‘छोटासाच बदल आहे, सोमवारी सकाळी मिळाला तरी चालेल’ असे कळवत असतो त्या वेळी. दर दुप्पट करा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, नको त्या ग्राहकाला निरोप द्या, असा त्यांचा एकूण सूर असतो. अमेरिकन लेखक केविन केली यांनी 2008 मध्ये मांडलेला हजार सच्च्या चाहत्यांचा हिशेबही त्यांत फिरून फिरून येतो: हजार माणसांनी वर्षाला प्रत्येकी 100 डॉलर दिले, तर कलावंताचे 1 लाख डॉलर सुटतात. हिशेबात चूक काढता येत नाही. आमच्या घरच्या लग्नालाही हजार माणसे सहज जमतात. परंतु त्यांतील एकानेही माझ्या लेखनावर आजवर रुपया खर्च केलेला नाही, उलट ‘पत्रिकेचा मजकूर तूच लिहून दे, तुझे काय, बसल्या जागी होते,’ असे हक्काने सांगणारे त्यांत पुष्कळ आहेत.

कंपनीच्या दारातील सुरक्षारक्षकाने ‘व्हेंडर का?’ असे विचारून मला मागच्या लिफ्टकडे पाठवले. तिच्यात माझ्याबरोबर पाण्याचे वीस लिटरचे जार होते आणि त्यांना घेणारा माणूस आधीच वर उभा असल्यामुळे त्यांचे काम माझ्या आधी झाले. रक्षकाच्या वहीत ‘सोबत आणलेली वस्तू’ असा एक रकाना होता, त्यात त्याने ‘बिल’ असे लिहिले होते.

अकाउंट्समधले गृहस्थ सज्जन होते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण उर्मट माणसावर निदान रागावता तरी येते. त्यांच्या स्टेपलरवर व्हाइटनरने ‘अकाउंट्स – नेऊ नये’ असे लिहिलेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अत्यंत आपुलकीने सांगितले, ‘मॅडम, तुमचे बिल प्रोसेसमध्ये आहे.’

‘अडले कुठे आहे?’

‘अडलेले नाही. फक्त बिलाची तारीख पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या, आधीची आहे.’

‘तुमचा पीओच काम पूर्ण झाल्यावर निघाला.’

‘तेच म्हणतो मी. बिल नंतर द्यायला हवे होते.’ त्यांनी फाइल चाळली. ‘आणि जीएसटी नंबर दिसत नाही.’

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, हे मी सांगितले. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. ‘तेवढे फक्त लेटरहेडवर लिहून द्या.’

‘माझे लेटरहेड नाही. मी एकटीच आहे.’

‘काही हरकत नाही. लेटरहेड नाही असे लिहून द्या.’

‘कशावर?’

‘लेटरहेडवर,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाची रेषाही नव्हती.

थकलेले बिल मागताना ठाम पण स्नेहपूर्ण कसे बोलावे, यावर एका न्यूजलेटरने सबंध अंक काढला होता. तो मी फोनवर उघडला आणि त्यातील तयार वाक्य मराठीत बसवू लागले. मी काय वाचते आहे ते पाहायला गृहस्थ टेबलावरून पुढे झुकले, मग त्यांनी फोनच मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते वाचत राहिले. चहा आला. त्यांचे वाचन चालूच होते.

‘हे फुकट येते?’

‘फुकट.’

‘दर आठवड्याला?’ त्यांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. ‘मॅडम, रविवारी मी आमच्याकडच्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरून देतो. प्रायव्हेटमध्ये. काम झाले की एकही जण वेळेवर पैसे देत नाही. फोन केला की मालक गावाला गेलेले असतात. काय लोक असतात हो!’

यावर काय बोलावे ते अंकात दिलेले नव्हते. गृहस्थांनी तिथल्या तिथे कार्यालयाच्याच ईमेलवर वर्गणीदार म्हणून नाव नोंदवले आणि इंग्रजी मजकुराचा मराठी मथितार्थ सांगत मला माझ्याच फोनवरून वाचून दाखवले, ‘“आधीचे पैसे आल्याशिवाय पुढचे काम हाती घेऊ नका.” वा! हे आपल्याला सुचत नाही बघा.’ फोन परत करताना त्यांना काही आठवले. ‘ते दिवाळीच्या माहितीपत्रकाचे उद्यापर्यंत देताय ना? मार्केटिंगवाले विचारत होते.’

इथवर मलाही हसू येत होते. घरी येऊन आयकर खात्यातले माझे कापलेल्या कराचे विवरण, 26एएस, उघडले तेव्हा ते थांबले, कारण माझ्या बिलातून टीडीएसचे दहा टक्के कापून सरकारजमा झाल्याची नोंद तेथे दिसत होती. बिल खात्यावर चढवले किंवा पैसे दिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. म्हणजे बिलाची तारीख सरकारला चालली, लेटरहेडवाचूनही चालले, सरकारचा वाटा सरकारला मिळाला, आणि उरलेले नव्वद टक्के ज्या बाईने शब्दनशब्द घासूनपुसून काम केले तिचे असल्यामुळे प्रोसेसमध्ये राहिले.

न्यूयॉर्कमध्ये 2017 पासून असा कायदा आहे की 800 डॉलर आणि त्यावरील कामासाठी फ्रीलान्सरशी लेखी करार करावा लागतो आणि करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही माहिती मला त्या न्यूजलेटरांनी दिली आणि ती वाचून मला न्यूयॉर्कचा हेवाही वाटला. भारतात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 सालापासून कायदा आहे, लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, करारच नसेल तर ती 15 दिवसांची असते, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते, हे मात्र त्यांपैकी एकानेही सांगितले नाही. ते आमच्या सीएंनी सांगितले, आणि त्यांनीच फुकटात होणारी ‘उद्यम’ ही अशा उद्योगांची सरकारी नोंदणीही करून घेतली. गृहस्थांनाही कायदा पाठ होता. ‘सर्टिफिकेट जोडले आहे ना तुम्ही, म्हणून तर फाइल लगेच वर पाठवली. साहेब रजेवर आहेत.’ व्याजाचे मी बोलले नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण दिवाळीचे काम याच कंपनीचे आहे, आणि एकाच ग्राहकावर अवलंबून राहू नका हा उपदेश जितका खरा आहे तितकाच तो दुसरा ग्राहक असलेल्यांनी केलेला असतो.

न्यूजलेटरे टाकाऊ असतात असे माझे म्हणणे नाही. सोनिया वाइझर या अमेरिकन लेखिकेच्या न्यूजलेटरने कोणते संपादक लेख मागवत आहेत त्याची यादी दिली आहे, पत्रकार टिम हेरेरा यांच्या ‘फ्रीलान्सिंग विथ टिम’ने संपादकाला लेख सुचवणारे पत्र कसे लिहावे ते शिकवले आहे, आणि असा एक अंक धीर देणाऱ्या शंभर अंकांपेक्षा मोलाचा असतो. मराठीत मात्र कोणता प्रकाशक शब्दामागे किती देतो, कोणती जाहिरात संस्था किती महिन्यांनी देते आणि कोण केवळ ‘तुमचे नाव होईल’ एवढेच देते, याची माहिती आम्ही एकमेकांना फोनवर, तीही ‘माझे नाव सांगू नकोस’ असे बजावून देतो. असे न्यूजलेटर कोणी काढावे, हा प्रश्न चार अनुवादक एकत्र आले की निघतो आणि ते फुकट कोण लिहिणार, यावर येऊन थांबतो.

काल त्या गृहस्थांची ईमेल आली. विषयाच्या जागी बिलाचा क्रमांक असल्यामुळे मी ती घाईघाईने उघडली. त्यांनी मला न्यूजलेटरचा ताजा अंक पुढे पाठवला होता, ग्राहकाकडून थकबाकी वसूल करण्याविषयीचा, आणि वर लिहिले होते, ‘मॅडम, जरूर वाचा, तुम्हाला उपयोगी पडेल. साहेब सोमवारी येत आहेत. लेटरहेडचे तेवढे बघा.’