‘फरशीवर खड्डे दिसतात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन दोन तक्रारी मांडल्या आहेत. दुकानात उठावदार ठोकळ्यांची दिसलेली नक्षी घरी खड्ड्यांसारखी दिसते, आणि करड्या टाईल्स दोन वेगळ्या शेडच्या निघाल्या. आई त्या खोलीत पाऊल टाकायला कचरतात, हे वाचून मात्र फार वाईट वाटलं.

ठोकळ्यांची चूक आमचीच. या नक्षीत पांढरी, करडी आणि काळी अशा तीन सपाट टाईल्स जोडतात, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या. उंची-खोली कुठेच नसते. उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो. त्यामुळे पांढरी टाईल आपल्यापासून लांबच्या अंगाला असली की ठोकळा वर आल्यासारखा दिसतो. तीच आपल्या बाजूला आली की पोकळ कोनाडा दिसायला लागतो. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात इ.स. ७९ च्या आधीच्या फरशीवरही ही नक्षी आहे, म्हणजे दोष टाईलचा नाही. दुकानात नमुना भिंतीला टेकवलेला होता, एकाच बाजूने दिसणारा. तुमच्याकडे आमच्या माणसांनी पांढरी टाईल दाराच्या बाजूला घेतली, त्यामुळे आत येणाऱ्याला समोर खड्डेच दिसतात. सिमेंट लावण्याआधी चार टाईल्स नुसत्या मांडून दारातून तुम्हाला दाखवायला हव्या होत्या. ते केलं नाही, माफ करा.

शेडचं मात्र तसं नाही. सगळ्या करड्या टाईल्स एकाच लॉटच्या आहेत. पांढऱ्या पट्टीलगतची गडद वाटते, काळ्या पट्टीलगतची उजळ. जाड कागदाला दोन भोकं पाडा आणि त्यांतून फक्त करडा रंग दिसेल असा तो फरशीवर ठेवा, फरक जाईल. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडेलसन यांचं १९९५ सालचं सावली पडलेल्या बुद्धिबळासारख्या पटाचं चित्र असंच आहे. त्यातले दोन चौकोन एक काळा, एक पांढरा वाटतात, प्रत्यक्षात दोन्ही एकाच करड्या रंगाचे. मी ते कापून तुकडे शेजारी ठेवले, तेव्हाच मला पटलं.

आईंसाठी एक उपाय सुचवतो. फक्त काळ्या टाईल्स काढून करड्याच्या जवळची शेड बसवू. रंगांतला फरक कमी झाला की खड्ड्याचा भासही बराच ओसरतो. आधी काही टाईल्स वरून ठेवू, आईंना त्यावरून चालून बघू दे. त्यांचं पाऊल तरीही अडखळलं, तर सगळी फरशी साध्या एका रंगात बदलून देऊ. दोन्हींचा खर्च आमचा. येण्याची वेळ तुम्ही सांगा, मी स्वतः येतो.