३८० ग्रॅम

काल संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या सभागृहात, दीडेकशे माणसांसमोर, माझ्या घरचा कचरा पडद्यावर झळकला. फोटो नव्हता, आलेख होता, तेवढी लाज शाळेने राखली. नऊ कुटुंबं, नऊ खांब. आठ हिरवे-पिवळे आणि एक लाल, ताडमाड. त्या लाल खांबाच्या डोक्यावर एक छोटी चांदणी. बक्षीसबिक्षीस असेल म्हणून मी ओढणी सारखी करून बसले. तर ती तळटीपेची खूण निघाली.

'यातले ३८० ग्रॅम दुसऱ्या दिवशी परत मिळाले.'

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने माझा नवरा हसला. त्याचं काय करायचं ते मी बघते आहे.

आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. मुलगी नववीत. तिच्या शाळेने इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेतून स्लोव्हेनिया आणि पोर्तुगालच्या शाळांशी भागीदारी केली आहे. १९८७ साली कॉलेजच्या मुलांसाठी निघालेली ही योजना आता शाळकरी पोरांपर्यंत आली आहे. आपली मुलं आठवडाभर त्यांच्या घरी, त्यांची आपल्या घरी, आणि दोघांनी मिळून एक विषय शिकायचा. यंदाचा विषय शाश्वतता. आमच्या वाट्याला स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाची एक सोळा वर्षांची मुलगी आली. गोड, अबोल आणि वीगन, म्हणजे दूध-तूपही न खाणारी. ती आगगाडीने आली, कारण विमान टाळलं तर युरोपियन युनियन प्रवासाला थोडे जास्त पैसे देते. ल्युब्लियाना म्हणजे २०१६ ची युरोपची हरित राजधानी. त्यामुळे पोरीच्या डोळ्यांत एक शांत आत्मविश्वास होता. मुंबईला पहिल्यांदा आलेल्या चुलत भावाला आपण रूळ कसे ओलांडायचे ते सांगतो ना, तेव्हा आपल्या डोळ्यांत असतो तसा.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर तिने बॅगेतून वजनकाटा काढला. हुकाचा. भारतात जाताना तेवीस किलोच्या धास्तीने आपण बॅग टांगतो, अगदी तोच. रोज रात्री यजमानांच्या घरातला सगळा कचरा मोजायचा, हा त्यांचा प्रकल्प. ओला, सुका, पिवळ्या पिशवीतला (इथे डबे आणि वेष्टणं त्यात जातात), सगळा एकत्र.

आता मला सांगा, पाहुणी वीगन म्हटल्यावर मी काय करणार? स्वयंपाकच करणार. फ्लॉवर-बटाटा, कोशिंबीर, वरण, लिंबू. फ्लॉवरचा पाला आणि दांडे, बटाट्याची सालं, लिंबाच्या फोडी मिळून पहिल्याच दिवशी एक किलो दोनशे. त्याच रात्री मुलीच्या मैत्रिणीकडे गोठवलेला पिझ्झा होता. खोका आणि प्लास्टिक मिळून साठ ग्रॅम. ते घर हिरवं! म्हणजे ताजी भाजी चिरणारी बाई लाल आणि कारखान्यात कोणीतरी आधीच चिरून, तिथला पाला तिथेच टाकून पाठवलेलं खाणारी हिरवी. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, प्लीज, तू यात पडू नकोस."

ज्यांच्या नावाने ही योजना चालते ते रॉटरडॅमचे विद्वान इरॅस्मस. ते स्वतःही गावोगाव फिरून दुसऱ्यांच्या घरी राहिलेले गृहस्थ. मुलांनी चारचौघांत कसं वागावं यावर त्यांनी १५३० साली एक पुस्तिका लिहिली होती. नाक बाहीला पुसू नये वगैरे सगळं त्यात आहे. यजमानाचा कचरा जोखू नये, एवढं मात्र राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी मी घसरले. पाहुणीला नारळाच्या दुधाची सोलकढी आवडली म्हणून दोन नारळ फोडले. आमरस वीगनच, तेव्हा आमरसाचा डबा उघडला. आणि नेमकी त्याच दिवशी कुकरची रिंग सैल पडली. चार करवंट्या, एक पत्र्याचा डबा, एक रिंग. मनातल्या मनात बेरीज केली आणि रात्री दहाला सगळं एका कापडी पिशवीत घालून "जरा पाय मोकळे करून येते" असं सांगून बाहेर पडले. शाळेने पालकांना एक कागद दिला होता. युरोपियन आयोगाने २०२२ मध्ये शाश्वततेसाठी लागणारी बारा कौशल्यं ठरवली, त्यांची यादी. त्यातलं 'जुळवून घेणं' आणि 'वैयक्तिक पुढाकार' ही दोन मी त्या रात्री एकाच वेळी वापरली.

बसथांब्यावरच्या कचराडब्याशी कोणी नव्हतं. आधी रिंग टाकली, मग करवंट्या, मग डबा. डबा तळाला जाऊन ठणकन वाजला.

"पत्रा," मागून आवाज आला.

आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे आजोबा. निवृत्त इंजिनिअर. हातात कुत्रा, कपाळाला दिवा. यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या भागात केरवोखे नावाची एक प्रथा आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाच्या दाराला पाटी लागते, त्या आठवड्यात जिना त्या बिऱ्हाडाने झाडायचा. (केर हा शब्द आपण त्यांच्याकडून आणला की त्यांनी आपला पळवला, देव जाणे. अर्थ मात्र दोन्हीकडे आपल्याच डोक्यावर येतो.) आपली पाळी झाली की पाटी पुढच्या दाराला लावायची. आजोबा पाटी लावायला येतात तेव्हा ती दाराला लावत नाहीत, हातात देतात आणि मागच्या वेळी कठड्याखालचा कुठला कोपरा राहिला तेही सांगतात.

"पत्रा. वर कथिलाचा मुलामा," ते म्हणाले. "ॲल्युमिनियम असा वाजत नाही. पिवळी पिशवी."

"हो. मी विसरलेच."

त्यांनी कपाळावरचा दिवा डब्यात वळवला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. कुत्राही नाही.

"हे काय आहे?"

"नारळ."

"नारळ मला कळतो. पण नारळ हे काय आहे? लाकूड की फळ?"

मी शास्त्र शाखेची पदवीधर आहे. रात्री सव्वादहाला, शून्याजवळच्या तापमानात, या प्रश्नाचं उत्तर जर्मनमध्ये देणं मला जमलं नाही. "कवच," मी म्हणाले.

"म्हणजे टरफल. अंड्याचं टरफल ओल्या कचऱ्यात. अक्रोडाचंही." ते विचारात पडले. "पण हे कुजायला किती वर्षं लागतील?"

"आमच्याकडे कुजवत नाहीत. जाळतात. माझ्या आईकडे सांगलीला बंब होता. करवंट्यांवर पाणी तापायचं."

"इथे जाळू नका," ते घाईघाईने म्हणाले.

मग त्यांनी फोन काढला. इथे पालिकेची कचऱ्याची बाराखडी असते. कुठली वस्तू कुठल्या डब्यात ते अक्षरवार. आजोबांनी नारळाचं अक्षर काढलं. काथ्याची चटई होती, नारळ नव्हता. जर्मनीत एखादी वस्तू यादीत नाही, हा अनुभव त्यांना नवा असावा. यादी वरून खाली वाचून झाली, मग खालून वर.

"आणि ती गोल वस्तू?"

"कुकरची रिंग. रबर. वाफ धरून ठेवते."

"किती टिकते?"

"दोनेक वर्षं."

"आणि कुकर?"

"लग्नातला आहे. २००४ चा."

"२००४!" कपाळावरचा दिवा थेट माझ्या डोळ्यांत. "आणि रिंग अजून मिळते?"

"सांगलीत कोपऱ्यावरच्या दुकानात. शिट्टीही मिळते. व्हॉल्व्ह, हँडल, सगळं."

आजोबा गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझं भांडी धुण्याचं यंत्र सहा वर्षांचं आहे. एक बिजागरी तुटली. कंपनी म्हणते, नवीन घ्या." हे सांगताना त्या माणसाचा गळा खरोखर दाटला होता. मला वाटलं, सुटले. दोन देशांच्या मध्ये पूल बांधला गेला. हेच तर युरोपियन युनियनला हवं आहे.

"पण घरचा कचरा सार्वजनिक डब्यात टाकणं हा नियमभंग आहे," ते म्हणाले. "दंड होऊ शकतो."

एवढ्यात कुत्र्याने आपलं काम उरकलं. आजोबांनी ते पिशवीत भरलं, गाठ मारली आणि त्या डब्यात न टाकता पिशवी हातात धरून पुढच्या थांब्याकडे चालायला लागले. कुत्र्याची शी त्या डब्यात कायदेशीर, माझी करवंटी बेकायदेशीर. तरीही हा माणूस पुढच्या डब्यापर्यंत का गेला, हे मला त्या रात्री कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला. बेल वाजली. मी दार उघडलं. माझ्या मागे पाहुणी, हातात काटा. दारात आजोबा, हातात ट्रे.

ट्रेमध्ये आमरसाचा डबा, धुतलेला. त्याचं कागदी वेष्टण भिजवून सोडवलेलं, वाळवून सपाट केलेलं, कारण कागद निळ्या डब्यात. चार करवंट्या, ब्रशने घासलेल्या. एका पाकिटात रिंग. पहाटे चिमटा घेऊन ते थांब्यावर गेले होते. रात्री कुत्र्याची पिशवी वरून पडली असती तर माल खराब झाला असता!

"आपण हे विसरलात," ते म्हणाले. जर्मन 'आपण'मध्ये किती अपमान मावतो ते जर्मनीत राहणाऱ्यालाच विचारा. "करवंटीबद्दल मी कचरा खात्याला फोन केला. काळा डबा म्हणाले, उरल्यासुरल्या कचऱ्याचा. मला पटलं नाही. परत फोन केला. दुसऱ्या बाईंनी ओला कचरा सांगितलं."

"मग?"

"मग निर्णय आपला."

पाहुणीने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्य आवाजात, इंग्रजीत तिने विचारलं, "हे कालच्यात धरायचं की आजच्यात?"

तर ते असे ३८० ग्रॅम. करवंट्या २१०, डबा १३०, रिंग ४०. तिने तिन्ही वेगवेगळे मोजले.

काल सभागृहात ती चांदणी उलगडून सांगताना मुलीच्या शिक्षिका लाडाने म्हणाल्या, "एका कुटुंबाने कचऱ्याची निर्यात करून पाहिली!" पुन्हा हशा. मीही हसले. हसल्याशिवाय इथे निभाव लागत नाही. पण घरी येताना गाडीत डोकं तापलं. निर्यात? युरोपातलं प्लास्टिक जहाजं भरभरून आशियात जात राहिलं. २०१८ मध्ये चीनने दार लावलं, तर दुसरी दारं शोधली. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने कायदा केला, की ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या, म्हणजे आपल्यासारख्या देशांना प्लास्टिकचा कचरा पाठवायचा नाही. बंदी केव्हापासून? नोव्हेंबर २०२६. कायदा झाल्यावर अडीच वर्षांची सवड! मी चार करवंट्या दोनशे मीटरवर पाठवल्या, तर वीस तासांत माल परत आणि वर तळटीप.

आणि दुसरं म्हणजे खांबात कचऱ्याबरोबर धरलेली ती प्रश्नावली. 'वर्षातून किती लांबचे विमानप्रवास?' मी खरं लिहिलं: एक. सांगलीला आई आहे, ती शहात्तर वर्षांची आहे, आणि फ्रँकफर्टहून तिच्यापर्यंत आगगाडी जात नाही. लाल खांबाचा पाया तिथेच भरला गेला. पोर्तुगालच्या शिक्षिका विमानाने आल्या, त्यांचा खांबच नाही, कारण तो प्रवास प्रकल्पाचा. मी त्यांना दोष देत नाही, तिकडून गाडीने यायचं तर दोन दिवस जातात. पण मग आईला भेटणं हासुद्धा एखादा प्रकल्प म्हणून नोंदवता येईल का, असं मी त्या बाईंना कॉफीच्या वेळी विचारलं. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या संस्कृतीतल्या पारंपरिक शाश्वत पद्धतींवर पुढच्या वर्षी पाच मिनिटं बोलाल का? जुन्या साड्या घेऊन स्टीलची पातेली देणाऱ्या बोहारणीबद्दल मी तिथेच सांगून टाकलं. त्या डोळे विस्फारून म्हणाल्या, "किती सुंदर! तिचं ॲप आहे का?"

आज सकाळी जिन्यात आजोबा भेटले. मी पाठ फिरवून पाणी घातलेल्या कुंडीला परत पाणी घालू लागले. ते थांबलेच. मग मला त्यांच्या बाल्कनीत घेऊन गेले. दोऱ्या बांधून चार करवंट्या टांगलेल्या, आत चरबी आणि दाणे, आणि त्यांवर पिवळ्या पोटाचे चिमणीएवढे पक्षी उलटे लटकलेले. पिवळ्या पिशवीच्या दिवशी मी त्या करवंट्या खाली डब्यांपाशी ठेवून आले होते, कुठल्या डब्यात ते न ठरवता. इथे हिवाळ्यात अशा भरलेल्या करवंट्या दुकानात विकत मिळतात. आमच्या आईने बंबात आयुष्यभर किती पैसे जाळले!

"पुढच्या वेळी नारळ बरोबर मध्यावर फोडता आला तर बघा," आजोबा म्हणाले. "हा एक वाकडा फुटला आहे."

मी वर आले आणि तडक शिक्षिकांना मेल लिहिली, की त्यातले २१० ग्रॅम कचरा नसून पक्ष्यांचं भांडं आहे, पुराव्यादाखल फोटो जोडला आहे, तरी आमचा खांब तेवढा कमी करावा. अर्ध्या तासात उत्तर आलं, तळाशी हसरा चेहरा घालून. फोटो फार आवडला. माहिती घेण्याची मुदत मात्र शुक्रवारी संपली.