वाघाचा उपास आणि आत्याच्या पोळ्या

सध्या एक मेसेज फिरतोय. नाव 'मुक्या जिवांची हाक', वर जोडलेल्या हातांची चित्रं, खाली 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: प्राणिसंग्रहालयात वाघाला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात आणि त्या दिवसाच्या मटणाचे पैसे कर्मचारी खातात, भुकेपायी तो दिवसभर येरझाऱ्या घालतो, हरणांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, पांढऱ्या वाघाची तर जातच संपत आलीय, म्हणून जाताना पोळ्या, बिस्किटं, केळी न्या, पुण्य लागेल, आणि खरं म्हणजे सगळे पिंजरे उघडून जनावरं जंगलात सोडायला हवीत.

असले मेसेज मी न वाचता पुसते. पण हा आत्याला गेला. नातवंडांना घेऊन ती परतूरहून आली होती, त्यांना इथलं छोटं प्राणी उद्यान दाखवायचं होतं. निघताना पाहते तर तिच्या पिशवीत रात्रीच्या पोळ्यांची चळत आणि ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. फाटकावरच्या माणसानं पिशवी उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही, तो भाग वेगळा. मी अडवलं तर मलाच म्हणते, "उपाशी हायेत गं ते. तू वाचलं न्हाईस का?"

उपासाचं खरं आहे. ते कुणी लपवलेलंही नाही. देशातल्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ, सिंह, बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस खाणं देत नाहीत, कारण जंगलात वाघ काही रोज दोन वेळा जेवत नाही. वर्षाकाठी त्याला हरणाएवढी साधारण 50 जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक शिकार. ती दोन-चार दिवस पुरवून खातो आणि पुढची मिळेपर्यंत रिकाम्या पोटी हिंडतो. पिंजऱ्यात तर शिकारीचे कष्टही नाहीत, चरबी चढायला वेळ लागत नाही. राहिले मटणाचे पैसे. कुठे कुणी खातही असेल, आपल्याकडे काय अशक्य आहे? पण मेसेजमधला पुरावा काय, तर 'एका ओळखीच्याने सांगितले'.

आता पोळ्या. माझा राग मुळात इथलाच आहे. आम्ही पोचलो तेव्हा चितळं जाळीला येऊन उभीच होती, लोकांची सवयच झालेली त्यांना. कुणीतरी बिस्किटाचा पुडा पुढे केला आणि एका मादीनं तो कागदासकट ओढला. चकाकता कागद तिच्या ओठांतून थोडा वेळ बाहेर लोंबत होता, मग तोही आत गेला. पोरं टाळ्या वाजवत होती.

आत्याला खरं तर हे सांगावं लागू नये. जन्म म्हशींत गेला तिचा. सुगीत दावं तोडून ज्वारीच्या राशीला लागलेल्या म्हशीचं काय होतं, डॉक्टर येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास कसा उतरत नाही, हे तिनं भोगलंय. चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय ही सगळी म्हशीसारखीच रवंथ करणारी. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू गवत-पाला सावकाश आंबवतात. पोळी, पाव, बिस्किटं असं पिठूळ खाणं एकदम पडलं की दुसरेच जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, रवंथ बंद पडतो, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि जनावर बसतं ते उठत नाही. एका पोळीनं होत नाही, मान्य. पण रविवारच्या गर्दीत प्रत्येक जण एकच देत असतो! आणि तो कागद? तो पुढेही सरकत नाही, रवंथात वरही येत नाही, पोटात साठत जातो.

शिवाय हे पुण्य कायद्यानं गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 38-जे आहे: प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, इजा करणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं, तिथे कचरा टाकणं, सगळ्याला मनाई. खायला घालणं हे डिवचण्याच्या आणि इजेच्याच ओळीत बसवलंय, उगीच नाही. बरगड्या म्हणाल तर मला कुठे दिसल्या नाहीत. फाटकाजवळचं सांबर उलट चांगलंच लठ्ठ झालं होतं.

येरझाऱ्यांचं मात्र नाइलाजानं मान्य करते. कारण चुकीचं सांगितलंय, पण दुखणं खरं आहे. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे मी बराच वेळ उभी होते. जाळीलगत जायचं, कोपऱ्यात त्याच जागी तोच पाय टेकवून वळायचं, परत यायचं. सिमेंटवर त्याच्या वाटेचा गुळगुळीत पट्टा पडलाय. बसायला उंचावर फळी नाही, लोकांच्या नजरेआड व्हायला झुडूप नाही, आणि सावली होती ती पत्र्याची, मराठवाड्याच्या मे महिन्यात! हे भुकेनं होत नाही. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघी संशोधकांनी 2003 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका दूरवर, तितक्या पिंजऱ्यात त्याच्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लंही जास्त दगावतात. त्याला मटण वाढवून काय होणार? केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांत बिबट्याच्या जोडीला मोकळं आवार किमान 500 चौरस मीटर आणि वाघाच्या जोडीला 1000, म्हणजे आपल्या हिशेबात पाच गुंठे आणि दहा गुंठे. मी बिबट्याचा पिंजरा बाहेरून पावलांनी मोजला. दोन गुंठेही भरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ओरडायचंच होतं तर इथे ओरडायचं होतं.

पांढऱ्या वाघाचं एका दमात उरकते. ती वेगळी जात नाही. साध्या वाघातच एका जनुकातल्या बदलानं आलेला रंग आहे. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात 'मोहन' नावाचा बछडा पकडला आणि पुढे त्याचा त्याच्याच लेकीशी संकर केला. आजचे पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच वंशावळीतले, म्हणून तर तिरळे डोळे आणि नाना व्यंगं. यात वाचवण्यासारखं काय आहे?

आणि पिंजरे उघडा म्हणे. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत थेट इकडे मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्यात आला. शिकार करणं, माणसापासून लांब राहणं तो आईच्या मागे हिंडून शिकला होता. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला माणूस म्हणजे मांसाची बादली आणणारा. तो जंगलात राहणार नाही, पहिल्या वस्तीवर येईल, आणि मग हाच ग्रुप 'नरभक्षकाला गोळी घाला' म्हणून दुसरा मेसेज फिरवेल.

ज्यांचा जीव खरंच तुटतोय त्यांनी पोळ्या घरी ठेवाव्यात आणि माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाकावा. प्राधिकरणाची शेवटची तपासणी कधी झाली, त्यांनी काय सुधारायला सांगितलं, त्यातलं किती झालं, आणि बिबट्याचं आवार किती चौरस मीटर आहे, एवढं लेखी मागावं. मी माझा लिहून ठेवलाय, आत्याची सही घेऊन.